माथेरानचा छोटा लोहमार्ग आणि पायथ्याचा मोठा इतिहास

मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कर्जतच्या अलीकडे नेरळ हे रायगड जिल्ह्यातील स्थानक लागते. मोठ्या गाडीतून उतरलेल्या प्रवाशाला फलाटाच्या पलीकडे दोन फुटी रुळांवर उभी असलेली एक लहानशी गाडी दिसते. मुलांना ती खेळण्यातली वाटते आणि मोठी माणसेही कौतुकाने तिला तसेच म्हणतात. परंतु ही गाडी खेळणे नव्हे. सह्याद्रीच्या एका उभ्या डोंगरावर, त्याच्या कलाने जात, माणसाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घातलेला तो एक पूर्ण लोहमार्ग आहे. तो कसा आखला गेला, कोणी चालविला, किती वेळा मोडला आणि किती वेळा पुन्हा उभा राहिला, हे समजून घेतल्यास माथेरानची सहल हा एक उत्तम पाठ ठरतो. या मार्गाच्या पायथ्याशी, कर्जत आणि मुरबाड तालुक्यांच्या खेड्यापाड्यांत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेण्यांपासून १९४३ च्या हुतात्म्यांपर्यंतचा इतिहास विखुरलेला आहे. माथेरानला जाणाऱ्यांपैकी फार थोडे लोक तिकडे वळतात. हा प्रदेश सलग पाहावा, हाच या लेखाचा आग्रह आहे.

माथ्यावरचे रान

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान, अशी या नावाची फोड केली जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरील हे लांबट पठार चोहोबाजूंनी तुटलेल्या कड्यांचे आहे. ठाकर, कातकरी आणि धनगर यांना हे रान पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट चौक गावाच्या बाजूने वर चढले आणि थंड हवेचे ठिकाण म्हणून माथेरानची नोंद सरकारदरबारी झाली. ते माथेरानचे ‘शोधक’ म्हणून ओळखले जातात. मात्र ज्या रानात माणसांच्या पायवाटा आधीपासून होत्या त्याच्या बाबतीत हा शब्द जपूनच वापरला पाहिजे. १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या ठिकाणाच्या वाढीला चालना दिली.

त्याच सुमारास खाली कोकणपट्टीत आगगाडी येत होती. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई–ठाणे मार्ग सुरू झाला, १८५६ मध्ये लोहमार्ग पळसदरीवरून खोपोलीपर्यंत पोहोचला आणि १८६३ मध्ये भोर घाट खुला झाला. मुंबईचा प्रवासी आता काही तासांत नेरळला येऊ शकत होता. परंतु नेरळहून पुढची चढण पायी, घोड्यावर किंवा भोयांच्या खांद्यावरील पालखीतूनच करावी लागे. जवळजवळ अर्धे शतक ही स्थिती होती.

उभारणी

ही अडचण दूर करण्याचे श्रेय मुंबईतील उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाकडे जाते. आदमजींचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी हा मार्ग उभारण्याचे काम अंगावर घेतले. १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी धावू लागली. या कामास सुमारे १६ लाख रुपये खर्च आला. बार्शी लाइट रेल्वेचे प्रवर्तक एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचे नावही या मार्गाशी निगडित आहे. म्हणजे पंढरीच्या वारकऱ्यांना घेऊन जाणारी बार्शीची गाडी आणि माथेरानची गाडी या एका अर्थाने नात्यातल्या आहेत.

भारतातील बहुतेक गिरिमार्गांची आखणी व उभारणी ब्रिटिश कंपन्यांनी किंवा सरकारने केली. माथेरानचा मार्ग मात्र एका भारतीय कुटुंबाच्या भांडवलावर आणि चिकाटीवर उभा राहिला, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. पुढे इतर लोहमार्गांप्रमाणे हाही मार्ग राष्ट्राच्या मालकीचा झाला. आज तो मध्य रेल्वेच्या अखत्यारीत आहे.

चढणीचे गणित

नेरळ स्थानक समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटर उंचीवर आहे. म्हणजे गाडीला सुमारे साडेसातशे मीटर वर चढावयाचे असते. नेरळ ते माथेरान हे अंतर रस्त्याने जितके आहे त्याच्या सुमारे दुप्पट, म्हणजे वीस–एकवीस किलोमीटर, ते लोहमार्गाने आहे. असे का, याचे उत्तर वर्गातील फळ्यावर पाच मिनिटांत देता येते.

लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी घर्षणाने फिरते. म्हणूनच आगगाडी थोड्या शक्तीत मोठा भार ओढते. आणि म्हणूनच चढणीवर तिचे चाक घसरते. भोर घाटातील मुख्य मार्गाचा सर्वांत तीव्र चढ ३७ स १ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर चढते. माथेरानच्या मार्गावर हे प्रमाण २० स १ इतके तीव्र ठेवण्यात आले. साध्या चाकांच्या गाडीला याहून फारसे अधिक झेपत नाही. आता ७५० मीटर चढण्यासाठी २० स १ या चढाने किमान १५ किलोमीटर रूळ लागतील. वळणांवर आणि स्थानकांत चढ कमी करावा लागतो, काही ठिकाणी जमीन सपाट असते. ते धरून मार्ग वीस किलोमीटरांच्या घरात जातो. रस्ता त्याहून उभा चढू शकतो, कारण रबरी चाकाची डांबरावरील पकड अधिक असते. मार्गाची लांबी ही अशी डोंगराच्या उंचीतून आणि चाकाच्या स्वभावातून ठरली आहे.

चढणीचा हाच प्रश्न देशातील इतर गिरिमार्गांनी निरनिराळ्या रीतींनी सोडविला. १८८१ मध्ये पूर्ण झालेल्या दार्जिलिंगच्या मार्गाने गोल फेरे घेतले आणि काही ठिकाणी गाडी मागे-पुढे करीत चढविली. निलगिरीच्या मार्गावर रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवून इंजिनाच्या दातेरी चाकाने ती पकडण्याची व्यवस्था केली. १९०३ मध्ये सुरू झालेल्या कालका–सिमला मार्गाने शंभराहून अधिक बोगदे खणले. माथेरानच्या आखणीकारांनी गाडी उलट फिरविण्याची स्थानके टाळली. त्यांनी डोंगराच्या प्रत्येक सोंडेला वळसा घातला, घोड्याच्या नालाच्या आकाराची वळणे बांधली आणि डोंगर शक्य तितका अखंड ठेवला. संपूर्ण मार्गावर बोगदा एकच आहे आणि तोही अगदी आखूड आहे.

इतकी तीव्र वळणे घेता यावीत म्हणूनच रुळांमधील अंतर दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर, ठेवले गेले. यामागील कारण शिक्षकांना मैदानावर दोन दोऱ्या घेऊन दाखविता येईल. वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा लांब असतो. अर्धवर्तुळाकार वळणात हा फरक रुळांमधील अंतराच्या ‘पाय’ पट, म्हणजे सुमारे ३.१४ पट, भरतो. वळण लहान असो वा मोठे, त्यात बदल होत नाही. दोन फुटी मार्गावर हा फरक सुमारे १ मीटर ९२ सेंटिमीटर येतो, तर मुंबई–पुणे मार्गासारख्या १,६७६ मिलिमीटरच्या रुंदमापी मार्गावर तो सव्वापाच मीटरांहून अधिक होतो. एकाच आसाला घट्ट जोडलेल्या दोन चाकांना हा फरक सांभाळावा लागतो. रूळ जवळ असतील तर फरक कमी आणि वळण सोपे. शिवाय अरुंद मार्गाला जागा कमी लागते, डोंगर कमी कापावा लागतो आणि खर्चही कमी येतो.

इंजिने आणि माणसे

या मार्गासाठी जर्मनीतील ओरेनस्टाइन आणि कोपेल या कारखान्यातून चार वाफेची इंजिने आणण्यात आली. त्यांना चाकांच्या तीन जोड्या होत्या. टोकांच्या दोन आसांना वळणाबरोबर थोडेसे वळण्याची मुभा देणारी खास रचना त्यांत होती. त्यामुळे इंजिन ताठ न राहता वळणाला जुळवून घेई. १९५० च्या दशकापासून डिझेल इंजिने आली आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी वाफेची नियमित सेवा संपली. या जुन्या इंजिनांपैकी नेरळ येथे आणि दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपलेली इंजिने आजही पाहता येतात. शक्य असेल त्याने नेरळचे इंजिन अवश्य पाहावे आणि त्याची लहान चाके, बाजूच्या पाण्याच्या टाक्या व आसांची रचना मुलांना समजावून सांगावी.

इंजिन वर चढते हे प्रवाशाला दिसते. परंतु या मार्गावरील अधिक जोखमीचे काम गाडी खाली आणण्याचे आहे. दीर्घ काळ प्रत्येक डब्याबरोबर ब्रेक धरणारा माणूस असे. चालकाच्या शिट्टीच्या इशाऱ्यावर हाताने ब्रेक आवळणे आणि सैल करणे हे त्याचे काम. सर्वांची लय जुळली तरच गाडी सुखरूप उतरे. मे २०१६ मध्ये गाडी घसरण्याच्या घटना घडल्यानंतर सेवा थांबविण्यात आली. त्यानंतर डब्यांना हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक बसविण्यात आले आणि दरीच्या बाजूला संरक्षक भिंतींचे काम झाले. टप्प्याटप्प्याने गाडी पुन्हा सुरू झाली.

रुळांवरून रोज चालत जाऊन खिळे, सांधे आणि खडी तपासणाऱ्या गँगमनचे नाव कोणत्याही फलकावर नसते. जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज या स्थानकांच्या दरम्यान गाडी ज्या विश्वासाने कड्याच्या कडेने जाते, तो विश्वास या माणसांनी निर्माण केलेला आहे.

पावसाशी सामना

सह्याद्रीचा पाऊस हा या मार्गाचा कायमचा प्रतिस्पर्धी आहे. माथेरानच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा थर आहे, त्याखाली काळ्या पाषाणाचे थर आहेत. पावसाचे पाणी वरच्या थरांतून झिरपते, माती जड होते आणि उतारावरील भराव सुटतो. म्हणूनच पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग दरवर्षी बंद ठेवला जातो. त्या काळात अमन लॉज ते माथेरान एवढ्या वरच्या टप्प्यात गाडी चालविली जाते.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत हा मार्ग अनेक ठिकाणी वाहून गेला. दुरुस्ती होऊन २००७ मध्ये, म्हणजे शताब्दीच्या वर्षी, गाडी पुन्हा धावली. २०१९ च्या पावसाने पुन्हा मोठी हानी केली. दगडांनी भरलेल्या जाळीच्या भिंती, नवे भराव आणि पाण्याच्या वाटा अशी कामे झाल्यानंतर २२ ऑक्टोबर २०२२ रोजी नेरळ ते माथेरान हा संपूर्ण मार्ग खुला झाला. याच डोंगररांगेच्या परिसरात, खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही वस्ती १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गाडली गेली, ही दुःखद घटना सर्वांच्या स्मरणात आहे. डोंगराचा उतार, त्यावरील झाडी आणि पाण्याच्या नैसर्गिक वाटा यांचा विचार हा केवळ लोहमार्गाच्या अभियंत्यांचा विषय नाही. उतारावर घर बांधणाऱ्या, रस्ता काढणाऱ्या आणि परवानगी देणाऱ्या प्रत्येकाचा तो विषय आहे.

काय राखावे, काय सोडावे

दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका–सिमला हे तीन गिरिमार्ग अनुक्रमे १९९९, २००५ आणि २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. माथेरानचा मार्ग त्या यादीसाठीच्या भारताच्या संभाव्य स्थळांमध्ये आहे. माथेरान आणि आजूबाजूचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा प्रदेश केंद्र शासनाने २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. खासगी मोटारी दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. तेथून पुढे पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजहून गाडीने जावे लागते. लाल मातीचे शांत रस्ते टिकले आहेत ते या नियमामुळे.

मात्र या शांततेची एक किंमत अनेक वर्षे काही माणसांनी मोजली. मोटारींना बंदी असल्यामुळे प्रवासी आणि सामान वाहण्यासाठी माणसाने ओढावयाच्या रिक्षा माथेरानमध्ये चालत राहिल्या. चढावर माणसाने माणसाला ओढून नेण्याचे हे काम अप्रतिष्ठेचे आणि शरीर झिजविणारे होते. या प्रश्नावर ई-रिक्षांचा प्रयोग झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाताने ओढावयाच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात आणि त्या ओढणाऱ्यांच्या उपजीविकेसाठी ई-रिक्षांची योजना आखावी, असे निर्देश दिले.

वारसा म्हणजे काय, या प्रश्नावर विचार करावयास लावणारे हे उदाहरण आहे. लोहमार्ग जुना आहे आणि हातरिक्षाही जुनी होती. परंतु एकात माणसाच्या बुद्धीचा व श्रमाचा गौरव आहे, तर दुसरीत माणसाच्या नाइलाजाचा उपयोग आहे. जुने आहे एवढ्यासाठी काही राखावयाचे नसते. ज्याने माणसाची उंची वाढते ते राखावयाचे असते. आणि राखतानाही त्यात बदल करावे लागतात. हाताचे ब्रेक जाऊन हवेचे ब्रेक आले म्हणून माथेरानच्या गाडीचे वारसापण कमी झाले नाही. उलट ती पुढील पिढीपर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढली.

पायथ्याची लेणी आणि किल्ले

बहुतेक प्रवासी माथेरानहून उतरले की मुंबईची गाडी पकडतात. एक दिवस अधिक काढल्यास कर्जत तालुक्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

कर्जतजवळील कोंदिवडे गावापर्यंत वाहनाने जाऊन पुढे रानातील पायवाटेने चढल्यास राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी लागतात. इसवी सन पूर्व दुसऱ्या–पहिल्या शतकांतील ही बौद्ध लेणी आहेत. येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात उतरविलेली आहे: कमानी, तुळयांची टोके, जाळ्या आणि सज्जे. सुताराची कला पाथरवटाने कशी आत्मसात केली हे समजून घेण्यासाठी याहून चांगला नमुना शोधावा लागणार नाही. तेथील ब्राह्मी लेखात कण्ह याचा शिष्य बलक याने हे काम केल्याचा उल्लेख आहे. प्राचीन लेण्यांत दात्यांची नावे पुष्कळ आढळतात; घडविणाऱ्याचे नाव क्वचितच आढळते. त्या दृष्टीने हा लहानसा लेख मोलाचा आहे. कोकणातील बंदरांकडून घाटमाथ्यावर जाणाऱ्या वाटांच्या आश्रयाने अशी लेणी उभी राहिली. भोर घाटातील आजचा लोहमार्ग याच डोंगररांगेतून वर चढतो, हे नकाशावर ताडून पाहावे.

कर्जत तालुक्यातच आंबिवली गावाच्या वर कोथळीगड आहे. पायथ्याच्या पेठ या वाडीवरून त्याला पेठचा किल्ला असेही म्हणतात. माथ्यावरील सुळका आतून कोरून त्यात वर जाण्यासाठी पायऱ्या खोदलेल्या आहेत. खाली भैरोबाची गुहा असून तिच्यातील कोरीव खांब पाहण्यासारखे आहेत. छत्रपती संभाजी महाराजांच्या काळात हा किल्ला शस्त्रसाठ्यासाठी महत्त्वाचा होता आणि १६८४ मध्ये औरंगजेबाच्या सैन्याने तो घेतला. दऱ्याखोऱ्यांतील हा एकाकी सुळका दोन्ही बाजूंना का मोलाचा वाटला, हे त्याच्या माथ्यावरून दिसणारा घाटवाटांचा विस्तार पाहिल्यावर कळते.

नेरळ आणि माथेरान यांच्या दरम्यान, गाडीतूनही दिसणारा पेब ऊर्फ विकटगड आहे. त्यावरील गुहांचा उपयोग धान्य साठविण्यासाठी होत असे, असे सांगितले जाते. या गडावर जाण्यासाठी लोहमार्गावरून चालत जाण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. रुळांवरून चालणे कायद्याने निषिद्ध आहे आणि वळणाआडची गाडी दिसत नाही.

सिद्धगडचे हुतात्मे

माथेरान म्हणजे साहेबांच्या बंगल्यांचे आणि श्रीमंतांच्या विश्रांतीचे ठिकाण, अशी समजूत आहे. त्याच माथेरानमध्ये १ डिसेंबर १९१२ रोजी एका गरीब नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. लोक त्यांना भाई कोतवाल म्हणत. प्रतिकूल परिस्थितीत शिकून ते वकील झाले. माथेरानच्या नगरपालिकेत त्यांनी काम केले. पायथ्याच्या खेड्यांतील शेतकरी आणि आदिवासी सावकाराच्या कर्जात बुडालेले पाहून त्यांनी धान्याची पेढी सुरू केली. अडचणीच्या दिवसांत कुटुंबाला धान्य मिळावे आणि सावकाराचे दार ठोठवावे लागू नये, हा तिचा हेतू. खेड्यांत शाळा चालविण्याचेही काम त्यांनी केले.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’ आंदोलन पेटले तेव्हा त्यांनी सहकाऱ्यांसह ‘आझाद दस्ता’ उभारला. डोंगरातील जलविद्युत केंद्रांतून मुंबईच्या कारखान्यांकडे वीज नेणारे मनोरे पाडून परकीय सत्तेच्या युद्धयंत्रणेची कोंडी करणे, हे या दस्त्याचे मुख्य काम होते. पोलीस मागावर असताना खेड्यांतील सामान्य कुटुंबांनी त्यांना भाकरी आणि आसरा दिला. अखेर २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठले. तेथील गोळीबारात भाई कोतवाल आणि मानिवली गावचे तरुण हिराजी गोमाजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर लोक जमतात आणि या दोघांना अभिवादन करतात.

माथेरानची गाडी ज्या डोंगरातून जाते त्याच डोंगरातून हे तरुण रात्री-बेरात्री चालले. प्रवाशाला गाडी, लेणी आणि किल्ला दाखवावा. परंतु हुतात्म्यांची ही वाट दाखविल्याशिवाय या भूमीची ओळख पूर्ण होत नाही.

सहल कशी आखावी

शाळांसाठी दोन दिवसांची सहल पुरेशी आहे. पहिल्या दिवशी सकाळी नेरळ येथे जुने इंजिन आणि स्थानक पाहून गाडीने माथेरानला जावे. गाडी चढण्यास दोन तासांहून अधिक वेळ घेते. हा वेळ गाण्यांत घालवावा, पण थोडा निरीक्षणासाठीही राखावा. विद्यार्थ्यांच्या प्रत्येक गटाला एक काम द्यावे: एकाने वळणे मोजावीत, दुसऱ्याने मोऱ्या व पूल मोजावेत, तिसऱ्याने झाडी आणि दगड कोठे बदलतात ते टिपावे, चौथ्याने प्रत्येक स्थानकावरील उंची लिहून घ्यावी. परत आल्यावर या नोंदींवरून मार्गाचा छेद आलेख-कागदावर काढता येतो. माथेरानमध्ये शार्लट तलाव आणि त्याच्या काठचे पिसारनाथाचे मंदिर पाहावे. पाणी, रान आणि वस्ती यांचा संबंध तेथे समजतो.

दुसऱ्या दिवशी कोंडाणे किंवा पेठ यांपैकी एकच ठिकाण निवडावे. दोन्ही एका दिवसात उरकण्याच्या घाईत काहीच नीट पाहिले जात नाही. सिद्धगडची चढण मोठी आहे. ती वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांसाठी, माहीतगार स्थानिक माणूस बरोबर घेऊन, हिवाळ्यातच ठेवावी. गाडीच्या वेळा ऋतुमानाप्रमाणे बदलतात आणि आसने मर्यादित असतात; म्हणून आधी चौकशी करून आरक्षणाची व्यवस्था करावी. पावसाळ्यात लेण्यांच्या वाटेवरील ओढे अचानक फुगतात, हे लक्षात ठेवावे.

ग्रामपंचायतींचा वाटा

मोठ्या वारसास्थळांची देखभाल रेल्वे आणि पुरातत्त्व खाती करतात. परंतु लेण्याकडे जाणारी पायवाट, गावाच्या वेशीवरील दिशादर्शक फलक, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि कचऱ्याची विल्हेवाट या गोष्टी गावाच्याच हाती आहेत. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या विषयांमध्ये ग्रंथालये आणि सांस्कृतिक कार्ये यांचा समावेश आहे. आपल्या गावच्या स्थळाची खात्रीची माहिती दोन पानांत लिहून ती ग्रामपंचायतीच्या कार्यालयात आणि शाळेत ठेवणे, हे काम त्यातच मोडते आणि त्यास फारसा खर्चही येत नाही. गावातील चार तरुणांना माहिती देऊन वाटाडे म्हणून तयार केल्यास त्यांना हंगामी रोजगार मिळतो आणि प्रवाशांवर लक्षही राहते.

दोन गोष्टींची मात्र काळजी घ्यावी. पहिली, स्थळ सुधारण्याच्या उत्साहात लेण्याच्या किंवा किल्ल्याच्या मूळ दगडाला सिमेंट वा रंग लावू नये. असे काम पुरातत्त्व खात्याच्या सल्ल्याशिवाय हाती घेऊ नये. संरक्षित स्मारकाची नासधूस हा गुन्हा आहे, आणि चांगल्या हेतूने झालेली नासधूसही भरून येत नाही. दुसरी, दंतकथा आणि इतिहास यांतील फरक फलकावर स्पष्ट लिहावा. दंतकथा सांगण्यास हरकत नाही, पण ती दंतकथा म्हणूनच सांगावी.

देशाच्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जतन करणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१-क नुसार प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. ते कर्तव्य पार पाडण्यासाठी दूर जावे लागत नाही. खिळे तपासणारा गँगमन, लेण्याची वाट झाडणारा गावकरी आणि सिद्धगडची हकिगत वर्गात सांगणारा शिक्षक हे तिघेही ते रोजच्या कामातून पार पाडीत असतात. नेरळच्या फलाटावर पुढच्या पिढीतील मुले उतरतील तेव्हा त्यांना ही छोटी गाडी उभी दिसावी आणि तिच्याबरोबर या प्रदेशाचा इतिहास सांगणारा कोणी तरी भेटावा, एवढी व्यवस्था आजच करता येण्यासारखी आहे.